फुकट, पण चोरून

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळी सुटली की चहाच्या गाड्यावर संगीताचं भवितव्य ठरतं. गणपतीआधी प्रत्येकाला स्वतःचा ट्रॅक काढायचाय. अडलंय फक्त सॉफ्टवेअर.

"भावा, एफएल स्टुडिओ टाक की!" बेल्जियमच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर विकत मिळतं, ही बातमी गाड्यापर्यंत अजून पोचलेली नाही. इथं ते पेनड्राइव्हवरून येतं, व्हायरससकट. दिवसभर मायक्रॉनच्या फरकावरून जॉब रिजेक्ट करणारा माणूस ती फाइल मात्र डोळे झाकून उघडतो. दुसरा गॅरेजबँड सुचवतो. ते खरंच फुकट आहे; सोबत ॲपलचं यंत्र तेवढं घ्यायचं.

एलएमएमएसचं नाव कुणी काढत नाही. राजरोस फुकट, विंडोजवर चालतं, लिनक्सवरही. चौकोनांवर क्लिक करत ठेका बसवता येतो. नवशिक्याला आणखी काय हवं? आवाज रेकॉर्ड करायला ते कामाचं नाही, पण त्यासाठी ऑडॅसिटी आहे, तीही 2000 सालापासून फुकट. दोन्ही जुन्या लॅपटॉपवर निभावतात. मात्र जे चोरावं लागत नाही, ते चांगलं कसं असेल?

परवा एकजण हलगीचा तयार सॅम्पल परदेशी साइटवर शोधत होता. हलगीवाला त्याच्याच गल्लीत राहतो, खिशातल्या मोबाइलमध्ये रेकॉर्डरही आहे. म्हटलं, जा की त्याच्याकडे.

"नको, त्यो पैसे मागतोय."