डेंटलच्या वाटेवर कॉलेज बदलणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी सूचना

सदर सूचना न्यू जर्सीत, त्यातही एडिसन ते प्लेन्सबरो या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी पालकांसाठी आहेत. ज्यांची कन्या काउंटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, जिला दातांची डॉक्टर व्हायचं आहे आणि जी येत्या सप्टेंबरात चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घेणार आहे, अशांनी त्या काळजीपूर्वक वाचाव्यात. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. दुसऱ्याच्या मुलीने कुठे शिकावं याबद्दल मत नसलेला माणूस आपल्यात अजून जन्माला यायचा आहे.

कामाला लागण्यापूर्वी सांगलीला फोन करून घ्यावा. आजी विचारणारच, ‘अगं, तुझ्या आतेभावाने बारावी केली, नीट दिली, बीडीएसला लागला. आता इंटर्नशिपमध्ये लोकांच्या दाढा काढतोय. आणि तुझं अजून कॉलेजच ठरेना?’ यावर कन्येने चिडू नये. इथे आधी कॉलेज, मग चार वर्षं डेंटल स्कूल, असा क्रम आहे हे शांतपणे सांगावं. कागदावर पाहिलं तर अनेक डेंटल स्कूलांना साधारण 90 क्रेडिट पुरतात, पदवी हातात असलीच पाहिजे असं नाही. पण ही गोष्ट आजीला सांगू नये. ‘मग आत्ताच का नाही जात?’ हा पुढचा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर ‘कारण बाकी सगळे पदवी घेऊन येतात’ एवढंच असल्यामुळे फोन लांबतो.

नावाविषयी

कॉलेज निवडताना पालकांनी सर्वप्रथम कॉलेजांच्या क्रमवारीची यादी उघडावी आणि वरून खाली वाचायला सुरुवात करावी. कन्येचा दाताशी असलेला संबंध त्या यादीत कुठेही दिसणार नाही, पण म्हणून विचलित होऊ नये. यादी मुळात मंडळाच्या गणेशोत्सवात, मसालेभाताच्या रांगेत वापरायची असते. ‘सध्या कुठे असते ती?’ असा प्रश्न आला की एका शब्दात उत्तर देता यावं आणि समोरच्याने ‘अरे वा’ म्हणून वाढप्याकडे वळावं, इतकं ते नाव घसघशीत हवं.

या शास्त्रात पुढे गेलेले पालक आणखी एक युक्ती करतात. ज्या विद्यापीठाचं स्वतःचं डेंटल स्कूल आहे तिथेच पदवीला घालायचं, म्हणजे आतल्या आत सरकता येईल! न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं डेंटल कॉलेज देशातलं सर्वांत मोठं, म्हणून नदीपलीकडे न्यूयॉर्क. रटगर्सचं डेंटल स्कूल न्यूआर्कला, आणि राज्यात तेवढं एकच, म्हणून रटगर्सचा न्यूआर्क कॅम्पस. सरकारी क्वार्टरच्या वाटपात हा हिशोब चालला असता. डेंटलच्या प्रवेशात शेजारी राहिल्याचे गुण मिळत नाहीत. सात वर्षांत पदवी आणि डेंटल दोन्ही देणारे जोड-अभ्यासक्रम आहेत खरे, पण त्यांतले बहुतेक बारावी संपतानाच मुलं उचलतात. काउंटी कॉलेजातून निघालेल्यांची ती गाडी दोन वर्षांपूर्वीच सुटली.

नावाची किंमत मात्र जरूर काढावी. राज्यातल्या रहिवाशाला रटगर्सची फी वर्षाला साधारण 18 हजार डॉलरच्या आसपास पडते. नामांकित खाजगी कॉलेजात तीच 60 हजारांच्या वर जाते. राहणं-जेवणं धरलं नाही तरी दोन वर्षांत 80 हजारांचा फरक. आता पुढचं पाहा. डेंटल करून बाहेर पडणाऱ्या कर्जदार विद्यार्थ्याच्या डोक्यावर सरासरी 3 लाख डॉलरच्या घरात कर्ज असतं. आणि 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना अशा अभ्यासक्रमांसाठी सरकारकडून वर्षाला 50 हजार, एकूण 2 लाखच मिळणार. वरचे पैसे खाजगी बँकेकडून किंवा बाबांकडून. बाबांनी ते 80 हजार ‘अरे वा’वर आधीच खर्चून टाकले असतील तर बँक आहेच.

कोऱ्या पाटीविषयी

ट्रान्सफर घेतल्यावर नव्या कॉलेजात जीपीए शून्यापासून सुरू होतो हे कळताच घरात आनंदाचं वातावरण पसरतं. पहिल्या सत्रातला केमिस्ट्रीचा सी, कॅल्क्युलस अर्ध्यावर सोडल्याचा डब्ल्यू, सगळं जुन्या कॉलेजात राहिलं, पाटी कोरी झाली! हा आनंद पुरता उपभोगून घ्यावा. तो फार टिकत नाही. डेंटल स्कूलांचे अर्ज एका मध्यवर्ती सेवेतून जातात, तिला ॲडसॅस म्हणतात, आणि ती प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका थेट त्या कॉलेजकडूनच मागवते. एकच विषय दोनदा केला असेल तर दोन्ही वेळचे गुण धरते. विज्ञानाच्या विषयांचा जीपीए वेगळा काढते. बारावीत असताना उन्हाळ्यात ‘अनुभव म्हणून’ काउंटी कॉलेजात केलेला एखादा कोर्ससुद्धा तिथे हजर होतो.

आता क्रेडिट. न्यू जर्सीत 2008 पासून राज्यव्यापी करार आहे: काउंटी कॉलेजची एए किंवा एएस पदवी पूर्ण केली की राज्यातल्या सरकारी चार-वर्षीय कॉलेजांनी तिला पदवीचा अर्धा भाग म्हणून स्वीकारायचं. पदवी अर्धवट टाकून सहा महिने आधी निघालेल्यांना हे संरक्षण नाही, आणि खाजगी कॉलेजांवर त्याचं बंधन नाही. कराराचं ऐकून निर्धास्त झालेल्या पालकांनी क्रेडिट जुळवणीचा कागद छापून जेवणाच्या टेबलावर पसरावा. डावीकडे आपला कोर्स, मधे क्रेडिट, उजवीकडे तिकडच्या कॉलेजातला त्याचा समतुल्य कोर्स. आई पिवळा हायलायटर घेऊन बसते. बायोलॉजी एक, बायोलॉजी दोन, पिवळं. केमिस्ट्री, पिवळं. मग ॲनाटमी-फिजिऑलॉजीपाशी येऊन हायलायटर थांबतो. उजवीकडे लिहिलेलं असतं, ‘जनरल इलेक्टिव्ह’. म्हणजे आलात, बसा, चहा घ्या, पण कामाचं बोलू नका. क्रेडिट मोजलं जातं, पण बायोलॉजीच्या पदवीला लागणाऱ्या कोर्सांत ते धरत नाहीत. अशा ओळी किती, हे कॉलेज निवडण्याआधी मोजावं. त्या जितक्या जास्त, तितकं तिसरं वर्ष दुसऱ्या वर्षासारखं दिसतं.

यातच एक पोटप्रश्न आहे. डेंटलला लागणारे मूळ विषय ठरलेले: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स, सगळे प्रयोगशाळेसकट, बहुतेक ठिकाणी वर बायोकेमिस्ट्री. यांतले काउंटी कॉलेजात केलेले चालतील का, याबद्दल प्रत्येक डेंटल स्कूलचा नियम निराळा. काही बिनदिक्कत घेतात, काही मर्यादा घालतात, काही नाक मुरडतात. तेव्हा ऑर्गॅनिकची दोन्ही सत्रं एकाच ठिकाणी करावीत. शक्य असेल तर ती, आणि बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजीसारखे वरचे विषय नव्या कॉलेजसाठी राखून ठेवावेत. ‘सोपं आहे तिथेच उरकून टाक’ हा काकांचा सल्ला आदराने ऐकून घ्यावा.

नऊ महिन्यांविषयी

खरं घोडं इथे अडतं, आणि यादी उघडलेल्या एकाही पालकाचं इकडे लक्ष नसतं.

कन्या सप्टेंबरात नव्या कॉलेजात पाऊल ठेवते. चौथं वर्ष संपताच डेंटलला जायचं असेल तर अर्ज त्याआधीच्या उन्हाळ्यात, म्हणजे पुढच्याच जूनच्या सुमारास पाठवायला हवा. प्रवेश देताना येतील तसे अर्ज पाहत जातात, म्हणून उशीर परवडत नाही. हातात राहिले नऊ महिने. या नऊ महिन्यांत तिने पार्किंग शोधायचं, वरच्या वर्गाच्या विषयांत ए मिळवायचे, डॅटचा, म्हणजे डेंटलच्या प्रवेशपरीक्षेचा, अभ्यास करायचा आणि विज्ञानाच्या निदान दोन प्राध्यापकांना आपली इतकी ओळख करून द्यायची, की त्यांनी आपणहून तिच्याबद्दल पानभर चांगलं लिहावं.

तीनशे-चारशे मुलांच्या सभागृहात तेराव्या रांगेत बसलेल्या मुलीबद्दल प्राध्यापक काय लिहिणार? ‘सदर विद्यार्थिनीस ए मिळाला’ एवढंच. ते गुणपत्रिकेवर असतंच. त्यात पहिलं सत्र बहुधा पडतं. 1965 साली हिल्स नावाच्या संशोधकाने ज्युनियर कॉलेजातून बदली घेतलेल्यांचे गुण पहिल्या सत्रात घसरतात हे दाखवलं आणि त्याला ‘ट्रान्सफर शॉक’ असं नाव दिलं. साठ वर्षं झाली, तरी मंडळात हा धक्का प्रत्येक घराला नव्याने बसतो.

न्यू ब्रन्सविकच्या रटगर्सचंच उदाहरण घ्या. विज्ञानाचे बरेचसे वर्ग पलीकडे पिस्कॅटवेतल्या बुश कॅम्पसवर, इतर विषय कॉलेज ॲव्हेन्यूवर, मधे रॅरिटन नदी आणि विद्यापीठाची बस. एडिसनहून गाडीने ये-जा करणारी मुलगी तासाला पोचते आणि तास संपला की परतीची घाई करते, कारण पाचनंतर रूट 18 वर जो अडकला तो अडकला. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सची वेळ नेमकी तीच. घरी गरम पोळी मिळते, पत्र मिळत नाही. घरी राहूच नये असं नाही. पैसे वाचतात ते खरेच वाचतात. पण मग आठवड्यातले दोन दिवस तिने उशिरा येणं आईने मंजूर करावं आणि ‘इतका वेळ कॉलेजात काय असतं?’ असं विचारू नये. ऑर्गॅनिकच्या सरांच्या दाराबाहेर, गुडघ्यावर वही घेऊन जमिनीवर बसणं असतं.

म्हणून कॉलेज पाहायला जाल तेव्हा कमान, ग्रंथालय आणि पुतळा यांच्यासमोर फोटो काढून झाले की चार प्रश्न विचारावेत. ऑर्गॅनिकच्या वर्गात मुलं किती? ट्रान्सफर होऊन आलेल्यांना प्रयोगशाळेच्या जागा कधी मिळतात, सगळ्यांच्या शेवटी का? प्रीहेल्थ सल्ला देणारं ऑफिस आहे का, आणि ते तिसऱ्या वर्षी आलेल्या मुलीला दारात उभं करतं का? संशोधनाच्या प्रयोगशाळेत पहिल्याच सत्रात काम मागता येतं का? या चारांची उत्तरं बरी देणारं, यादीत शंभर पायऱ्या खाली असलेलं कॉलेज घ्यावं. हे मी गंभीरपणे सांगतोय.

नऊ महिने पुरत नसतील तर एक वर्ष थांबून, चौथं वर्ष संपताना अर्ज करावा. इथे कितीतरी जण तसं करतात. आपल्याला ‘गॅप’ हा शब्द ऐकला की स्टॅम्पपेपर, नोटरी आणि ‘सदर कालावधीत मी अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही’ असं प्रतिज्ञापत्र आठवतं. इथे प्रतिज्ञापत्र लागत नाही. त्या वर्षात डेंटल असिस्टंट म्हणून काम केलं तर उलट विचारतात, काय काय पाहिलंत सांगा.

हाताविषयी, थोडक्यात

डॅट परीक्षेत बायोलॉजी, केमिस्ट्री, वाचन आणि गणित असतंच. शिवाय नजर तपासणारे 90 प्रश्न असतात: घडी घालून भोकं पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, ठोकळ्यांच्या रचनेत किती ठोकळ्यांच्या किती बाजूंना रंग लागेल. पूर्वी याच परीक्षेत खडू कोरायला लावायचे. मार्च 2025 पासून गुण 200 ते 600 च्या मापात देतात, त्याआधी 30 पैकी देत. त्यामुळे ‘आमच्या सुनेला बावीस होते’ म्हणणाऱ्या काकूंशी तुलना करत बसू नये.

शॅडोइंगसाठी, म्हणजे दंतवैद्याच्या मागे हात बांधून उभं राहण्यासाठी, शंभरेक तास धरून चालावं. दवाखाना कॉलेजच्या जवळ असावा की घराच्या, यावर वाद घालू नये. जो डॉक्टर हो म्हणेल त्याचा दवाखाना जवळचा. मंडळात शाडूचे गणपती करायला बसणाऱ्या मुलीने ते अर्जात जरूर लिहावं. मूर्तीचे कान ज्याला जमले, त्याला मेणाची दाढ जमेल.

ज्यांच्या घरी ग्रीन कार्ड अजून पोचलेलं नाही, त्यांनी वरचं सगळं बाजूला ठेवून आधी कन्येची जन्मतारीख पाहावी. पालकांच्या व्हिसावर मिळणारा मुलांचा एच-4 व्हिसा वयाची 21 वर्षं पूर्ण होताच संपतो, आणि कॉलेजचं तिसरं वर्ष नेमकं त्याच सुमारास येतं. परदेशी नागरिकाला सरकारी कर्ज मिळत नाही, आणि कित्येक डेंटल स्कूल असे अर्ज घेतच नाहीत. त्यांनी कॉलेजच्या सल्लागाराआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं. इथे विनोद करण्यासारखं काही नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. अर्जात ‘आजवर शिकलेली सर्व कॉलेजं’ असा रकाना आहे. तिथे काउंटी कॉलेजचं नाव लिहावंच लागतं आणि ते वाचून प्रवेश समितीतल्या कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. मंडळात नाही सांगितलंत तरी चालेल.