केबिनला घर म्हणू नका

गाडीतच राहायचं, हवं तिथं थांबायचं, संध्याकाळी खुर्ची टाकून चहा प्यायचा, असे व्हॅनमधल्या संसाराचे व्हिडिओ सध्या सगळेच बघतात. हौसेनं राहणाऱ्यांनी खुशाल राहावं. पण बारा महिने गाडीत राहणारी माणसं बघायची तर रात्री पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर या. चारोटी, दापचरी, तलासरी, अच्छाड. कडेला ट्रक उभे असतात आणि केबिनमध्ये माणूस मुक्कामाला असतो.

सीटच्या मागे एक अरुंद फळी. उंच माणसानं पाय दुमडूनच झोपायचं. खाली पाच किलोचा सिलिंडर, पिठाचा डबा, पाण्याचा कॅन. दोरीवर टॉवेल आणि बनियन. आंघोळ पंक्चरवाल्याच्या नळावर, तीही त्यानं हो म्हटलं तर. शौचाला कडेची झाडी, आणि ती झाडी म्हणजे कुणाच्या तरी पाड्याचं परसदार. त्रास दोघांना होतो.

मग ढाब्यावरच्या खाटेवर का झोपत नाहीत? कारण टाकीतलं डिझेल उपसून नेतात, ताडपत्री फाडून माल काढतात आणि भरपाई बहुतेकदा ड्रायव्हरच्या पगारातून कापली जाते. पूर्वी क्लीनर असायचा, आळीपाळीनं डोळा लागायचा. भाडं परवडेना तसा अनेक गाड्यांवरचा क्लीनर गेला. आता ड्रायव्हरच चालक, ड्रायव्हरच राखणदार.

सरकारनं मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. जून 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड गाड्यांना तो नियम आहे. चांगलं केलं. पण रस्त्यावर जुन्या गाड्यांचाच भरणा आहे. शिवाय हा एसी साधारणपणे इंजिन चालू असेपर्यंतच. रात्रभर इंजिन सुरू ठेवून झोपायचं, तर त्या डिझेलचा हिशोब मालक मागतो. म्हणजे थंडावा चालवताना आहे, झोपताना नाही. मे महिन्यात तलासरीच्या उकाड्यात त्या फळीवर तासभर पडून बघा, मग पहाटे गाडी चालवताना ड्रायव्हरचा डोळा का लागतो ते कळेल.

कायदा नव्हता असंही नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी मालकानं विश्रांतीची खोली द्यावी, असं लिहिलं होतं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून आपोआप सुटला, आणि आपल्याकडे तसेच मालक जास्त. पुढे 2020 च्या श्रमसंहितेत हा कायदा सामावून घेतला, फळी तशीच राहिली. युरोपीय संघात ट्रकचालकानं आठवड्याची 45 तासांची नियमित विश्रांती गाडीत घ्यायची नाही, असा नियमच आहे. केबिन हे घर नव्हे, एवढं साधं त्यांनी कायद्यात लिहिलं.

इथं मात्र शिक्षेच्या वेळी ड्रायव्हर पहिला आठवतो. अपघातानंतर पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद, या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये चालकांनी संप केला, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते कलम थांबवून ठेवावं लागलं. थकलेल्या माणसाला झोपायला जागा द्या, यासाठी मात्र कुणी कायद्याचा मसुदा घेऊन धावत नाही.

याच तलासरीतल्या झरी गावात 23 मे 1945 ला वारली आदिवासी जमले आणि वेठबिगारी करणार नाही म्हणून उठले. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. त्या मातीवरून जाणाऱ्या रस्त्यावर माणूस चौदा-सोळा तास राबून सीटमागे वळकटीसारखा पडतो, हे आपल्याला खटकायला हवं. घोलवडचा चिकू दूरच्या बाजारात पोचवणाराही असाच कुणीतरी असतो.

मागणी मोठी नाही. चारोटी ते अच्छाडदरम्यान पहाऱ्याचे वाहनतळ वाढवा. तिथे खाटा, न्हाणीघर, स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी ठेवा. चालवायला पाड्यांतल्या बचतगटांना द्या. टोल आपण भरतोच, त्यातून हे करा. पालघरच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत महामार्ग प्राधिकरणाला याची तारीख विचारावी, आणि ती मिळेपर्यंत वाचकांनी त्यांना विचारत राहावं.