फ्लॉवर म्हणजे भाजी नव्हे

लेदरहेड, सरे
रविवार

ती. अण्णा आणि ती. आई यांना
मृणालचा शि. सा. नमस्कार.

पत्रास कारण की, परवा व्हिडिओ कॉलवर आईंनी "सुहास का गं असा शून्यात बघतोय?" असं विचारलं आणि मी "ऑफिसचं टेन्शन" म्हणून वेळ मारून नेली. तो शेजारीच बसला होता, खरं बोलायची सोय नव्हती. आता सविस्तर लिहिते. घाबरू नका. नोकरी शाबूत आहे, तब्येत ठणठणीत आहे. व्यसन म्हणाल तर लागलंय, पण ते वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरचं आहे. तुमच्या चिरंजीवांना इंग्रजांच्या गूढ शब्दकोड्याने झपाटलंय.

"गेला बापावर," असं आई म्हणतील. तर तसं नाही. अण्णांचं कोडं सरळमार्गी. 'नवऱ्याची बहीण, तीन अक्षरी' म्हटलं की नणंद. अण्णा पेन्सिल परजून बसतात, अर्धी उत्तरं आई फोडणी देता देता आतूनच सांगतात, आणि नाश्ता व्हायच्या आत आडवे-उभे सगळे शब्द मार्गी लागतात. इथलं कोडं महाबदमाश. त्यात जे विचारल्यासारखं दिसतं ते विचारलेलं नसतंच.

साधा नमुना देते. 'लंडनचं फ्लॉवर, सहा अक्षरं.' आपल्या घरात आजवर फ्लॉवर म्हणजे मटार-बटाटा घालून करायची भाजी. शाळेत शिकलो ते फूल. पण कोडं रचणारा म्हणतो, जी 'फ्लो' होते, वाहते, ती 'फ्लोअर'. स्पेलिंग एकच, आणि कागदावर उच्चार ऐकू येत नाही. तेव्हा उत्तर थेम्स नदी! दुसरा क्लू इथल्या जुन्या खोडांना तोंडपाठ असतो : एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. बस्स, एवढाच. उत्तर पाच अक्षरी. 'एच टू ओ', एचपासून ओपर्यंत, म्हणजे पाणी, म्हणजे वॉटर. तिसरा त्याहून आखूड : जी, ई, जी. उत्तर नऊ अक्षरं आणि तीन अक्षरं. 'एग'ची अक्षरं फेटून ठेवलीत, म्हणून स्क्रॅम्बल्ड एग. आई, अंडं कागदावरचंच आहे.

या चावटपणालाही कायदा आहे बरं का. बहुतेक क्लूंच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ दडवलेला असतो आणि उरलेल्या भागात अक्षरांची कारागिरी. दोन्हीकडून एकच शब्द निघाला पाहिजे. अर्थ सुरुवातीला असेल नाहीतर शेवटी, मधे कधीच नाही. आणि या दोघांवर एक गोंडस, साळसूद वाक्य पांघरलेलं. त्या वाक्यावर विश्वास ठेवला की माणूस बुडाला. शिवाय यांची एक चोरभाषा आहे. खलाशी दिसला की ए-बी, नाहीतर टार. डॉक्टर म्हणजे कधी डी-आर, कधी एम-ओ, आणि कधी 'बाजूच्या अक्षरांची चिरफाड करा' असा हुकूम. प्रेम म्हणजे ओ, कारण टेनिसमध्ये लव्ह म्हणजे शून्य. बदक म्हणजेही ओ, कारण क्रिकेट. अण्णा, तुम्हाला हे आवडेल : क्रिकेट ठाऊक नसेल तर या कोड्यात पदोपदी अडतं. कॉट म्हणजे सी, बोल्ड म्हणजे बी, मेडन म्हणजे एम, लेग म्हणजे ऑन. अमेरिकन माणूस इथे पहिल्याच चेंडूवर परततो. सुहास मात्र तुमच्यासोबत रेडिओवर कॉमेंट्री ऐकत वाढलेला, तो इथे टिच्चून उभा राहतो.

परिणाम असा की घरात कुणी सरळ बोलत नाही. मी वाणसामानाच्या यादीत 'फ्लॉवर' लिहिलं, तर हे गृहस्थ रिकाम्या हाताने परत आले आणि म्हणाले, "नदी पिशवीत मावली नाही." मी "दूध नासलंय" म्हटलं की तो भुवया उंचावतो. नासलंय म्हणजे अक्षरं फिरवायची, असा त्याचा हिशेब. लंडनच्या गाडीत वॉटर्लू येईपर्यंत कोडं पुरं झालं तर संध्याकाळी स्वारी कांदा चिरायलाही तयार असते. एखादं घर रिकामं राहिलं तर मात्र जेवताना घास हातात तसाच.

पण शेजारच्या आजोबांचं सांगायला हवं. भूगोलाचे निवृत्त मास्तर आहेत. आम्ही इथे राहायला आल्यापासून त्यांच्याशी बोलणं दोनच विषयांवर : पाऊस, आणि या आठवड्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर काढायचा. मग एकदा सुहास कुंपणापाशी पेपर घेऊन उभा होता, आजोबांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "सात आडवा चुकलाय." झालं! आता दोघं रोज कुंपणाला टेकून उभे. आजोबांची पद्धत मी बारकाईने पाहिली आहे. पेपराच्या चार घड्या घालतात, म्हणजे फक्त कोडं वर राहतं. अक्षरं फिरवायची असली की समासात ती ओळीने न लिहिता गोलात लिहितात. ओळीत लिहिली तर डोळा जुनाच शब्द वाचत राहतो, गोलात त्याला शेंडाबुडखा सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेनने लिहितात. पेन्सिल भित्र्यांसाठी. (अण्णा, मी तुमची बाजू मांडली नाही. गैरसमज नसावा.) माझं मत विचाराल तर इंग्रज माणसाशी ओळख वाढवायची असेल तर त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करू नये, अकरा उभा विचारावा.

आमच्या ओवीला कोड्यापेक्षा त्याची चौकट आवडली. आडवी पंधरा घरं, उभी पंधरा. तिने पेपर उलटा धरला आणि ओरडली, "आई, काळी घरं तशीच आहेत!" खरंच, खालचं वर केलं तरी काळ्या-पांढऱ्याची नक्षी जशीच्या तशी राहते. आजोबांनी तिला सांगितलं की हा इथला दंडक आहे. ज्या देशात चहात दूध आधी की नंतर यावर घरं दुभंगतात, तिथे एवढं चालायचंच.

आता आमच्या गावची गोष्ट. आमच्या गावातून जाते त्या नदीचं नाव मोल. मोल म्हणजे जमीन उकरणारा एक प्राणी, मोल म्हणजे अंगावरचा तीळ, आणि मोल म्हणजे शत्रूच्या गोटात पेरलेला हेरसुद्धा. तर या मोल नदीकाठच्या लेदरहेडमध्ये लिओनार्ड डॉ नावाचे एक हेडमास्तर राहत. 'डेली टेलिग्राफ'ने १९२५ साली शब्दकोडं सुरू केलं तेव्हापासून ते कोडी रचायचे. १९४४च्या मे महिन्यात, नॉर्मंडीवर दोस्तसैन्य उतरायच्या ऐन तोंडावर, यांच्या कोड्यांत एकेक शब्द येऊ लागले : युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, आणि १ जूनला नेपच्यून. सगळी त्या मोहिमेची गुप्त नावं! युटा आणि ओमाहा हे किनारे, मलबेरी हे तिथे नेऊन बसवायचं बंदर, ओव्हरलॉर्ड ही अख्खी मोहीम. गुप्तहेर खात्याची माणसं हेडमास्तरांच्या दारात. बिचारे म्हणाले, हे शब्द वापरू नयेत असं मला कुणी सांगितलं होतं? पुढे १९८४ साली त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं की हेडमास्तर रिकाम्या चौकटीत शब्द भरायला पोरांना लावायचे, पोरं जवळच्या छावणीत सैनिकांभोवती घुटमळायची आणि तिथे कानावर पडलेले शब्द कोड्यात घालायची. म्हणजे हेडमास्तरांनी काम विद्यार्थ्यांवर ढकललं आणि महायुद्धाचं गुपित फुटायची वेळ आली. आईंना हे वाचून दाखवा, त्याही शिक्षिका होत्या.

त्याआधी, जानेवारी १९४२मध्ये, याच वर्तमानपत्राने आपल्या कचेरीत लोकांना बोलावून बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली. मागाहून त्यातल्या काहींना सरकारी पत्रं आली आणि ते ब्लेचली पार्कला जर्मनांचे संदेश उलगडायच्या कामात रुजू झाले. ही हकीकत कळल्यापासून सुहासला वाटतं की आपल्यालाही पत्र येईल. काल दारात लिफाफा पडला तेव्हा धावत गेला. घरपट्टीचं होतं.

'टाइम्स'चा किस्सा मला जास्त आवडतो. १९२४ साली त्यांनी या वेडाने अमेरिका गुलाम झाल्याची टर उडवली, आणि फेब्रुवारी १९३०मध्ये मुकाट्याने आपलंही कोडं सुरू केलं. शहाण्या माणसांचं हे असंच असतं.

आजोबा एकदाच कोड्याबद्दल बोलताना गप्प झाले. 'गार्डियन'मध्ये कोडी रचणारे टोपणनावाने लिहितात. त्यांतले सगळ्यांचे लाडके म्हणजे अरॉकेरिया, मूळचे जॉन ग्रॅहम, पेशाने धर्मोपदेशक. जानेवारी २०१३मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या माथ्यावर दोन ओळी छापून आल्या : अरॉकेरियाला १९ नंबरच्या जागी १८ नंबरचा त्रास आहे, अशा अर्थाच्या. लोकांनी कोडं सोडवलं तेव्हा कळलं, अन्ननलिकेचा कर्करोग. नव्वदी ओलांडलेल्या त्या माणसाने आपलं दुखणं वाचकांना कळवलं ते असं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. आजोबांनी ते कात्रण जपून ठेवलंय. त्या दिवशी कुंपणापाशी पुढचा क्लू निघाला नाही.

मग आजोबांनीच विचारलं, "तुमच्या भाषेत आहे का असं काही?" सुहासला तेवढंच हवं होतं. त्याने व्यास आणि गणपतीची गोष्ट सांगितली. लेखणी थांबू देणार नाही ही गणपतीची अट, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही ही व्यासांची उलट अट, आणि उसंत हवी झाली की व्यास एक कूटश्लोक घालायचे. असे ८,८०० श्लोक म्हणे! आजोबा गार. मग ओवीने वाल्या कोळ्याचं 'मरा मरा' उलटं वाचायला लावलं. सुहासने मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणाचं सांगितलं, ओठाला ओठ न लावता म्हणायचं, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. आणि रात्री जेवताना स्वतःवरच तो नियम लावून घेतला. भात मागता येईना, पोळी मागता येईना, भाजी मागता येईना. ताक पिऊन उठला.

आता मुद्द्याचं. ज्या भाषेत लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस कोटी केल्याशिवाय उठत नाही, त्या भाषेत रोजचं कोडं मात्र नवऱ्याची बहीण विचारून मोकळं होतं, हे मला पटत नाही. अडचण आहे, कबूल. इंग्रजी अक्षर सडंफटिंग, कुठेही जाऊन बसतं. आपलं अक्षर काना, मात्रा, वेलांटी असा संसार घेऊन घरात शिरतं. आडव्या शब्दाला 'कि' हवा तिथे उभ्याला 'की' लागते आणि सगळं अडतं. त्यामुळे अक्षरं फेटायला वाव कमी. पण श्लेषाला? आपण श्लेषाच्या राशीवर बसलोय.

म्हणून मी आणि ओवीने थोडे क्लू पाडलेत. मासला म्हणून एक सोडवून दाखवते : 'साप आणि महापूर एकत्र आले तिथे संत्री पिकली, चार अक्षरी.' नाग अधिक पूर, नागपूर. आता तुमच्यासाठी. 'पराभव झाला तरी गळ्यात पडतो, दोन अक्षरी.' 'नदी उलटी वाहिली तर गरीब, दोन अक्षरी', हा ओवीचा एकटीचा. 'कमल विस्कटलं की लेखणी, तीन अक्षरी.' 'सातारा शहराच्या पोटातली चांदणी, दोन अक्षरी.' आणि माझा आवडता : 'आईवडिलांची भाजी, तीन अक्षरी.' हा शेवटचा तुमच्या चिरंजीवांना अजून सुटलेला नाही. इंग्रजांच्या बदकाला शून्य म्हणायला शिकला, पण घरची भाजी ओळखता येईना.

अण्णा, तुम्हीही रचा. आठवड्याला एक पाठवलात तरी पुष्कळ. आईंनी ओट्यापाशी उभं राहून उत्तर सांगितलं तरी हरकत नाही, फक्त उत्तराखाली सही ज्याची त्याची असावी.

काकूंना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुमची,
मृणाल

ता. क. उत्तरं पत्रानेच पाठवा. घरच्या ग्रुपवर टाकू नका, सुहास तिथे टपून बसलाय.