आवृत्त्यांच्या विसंगतीस खुले पत्र

विसंगतीबाई,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात वळत नाही. हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकू पाहणाऱ्या मुलांना तू पहिल्याच दिवशी गाठतेस आणि आपल्यालाच काही जमत नाही, असं त्यांच्या मनात भरवतेस. कोणत्याही पाठ्यपुस्तकात तुझ्यावर धडा नाही, म्हणून आजवर तुझं फावलं. आता चारचौघांत ऐक.

जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर. एडिटरमध्ये टाइप (म्हणजे एखादं मूल्य आकडा आहे की अक्षर, अशी त्याची जात) दाखवणं, चुकीखाली लाल रेघ ओढणं, अर्धवट लिहिलेलं नाव पुरं करणं ही कामं हॅस्केल लँग्वेज सर्व्हर करतो. हा सर्व्हर जीएचसीलाच लायब्ररी म्हणून पोटात घेऊन चालतो. त्यामुळे तो ज्या आवृत्तीवर बांधला, त्याच आवृत्तीचा प्रकल्प त्याला नीट वाचता येतो. एका पितळी डब्याचं झाकण दुसऱ्या डब्याला बसत नाही, हे भंडाऱ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पण नवशिक्यांना हे कुणी सांगत नाही, आणि नेमकी तिथेच तू दबा धरून बसतेस.

साकोलीची किंवा तुमसरची मुलगी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळ्यात नवा जीएचसी उतरवते. दिवसाच्या डेटाचा मोठा वाटा त्यातच जातो. मग व्हीएस कोड हा एडिटर सांगतो, या जीएचसीसाठी सर्व्हर उपलब्ध नाही. तिच्या प्रोग्रामची अजून एक ओळही लिहून झालेली नसते. आकडा आणि अक्षर यांची गल्लत प्रोग्राम चालण्याआधीच पकडणारी ही भाषा, आणि तिच्या उंबरठ्यावरच तू पाय अडकवतेस!

शहरात शेजारच्या खुर्चीवर चूक दाखवणारा कुणी जाणकार असतो. इथे ते काम एडिटरलाच करावं लागतं. हॅस्केलमध्ये टाइप बहुतेक वेळा लिहावा लागत नाही, कंपायलर तो स्वतः ओळखतो. कर्सर नेताच तो दिसला, तर विद्यार्थ्याला आपला विचार कुठे चुकला ते तिथल्या तिथे कळतं. तू हा शिक्षकच हिरावून घेतेस. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हॅस्केलचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर मोफत आहे. धडे साकोलीपर्यंत पोचले, तू मात्र मुलांना दारातच थोपवलंस.

तुझे दिवस भरत आले आहेत. 2016 साली एडिटर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाची सामायिक पद्धत, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, आली आणि प्रत्येक एडिटरसाठी वेगळी सोय बांधण्याची गरज उरली नाही. 2020 मध्ये हॅस्केलसाठी अशी सोय बांधण्याचे दोन वेगवेगळे प्रयत्न एकत्र येऊन आजचा सर्व्हर उभा राहिला. हे सगळं उतरवून बसवणारं जीएचसीअप हे साधन तर यादीतच दाखवतं, कोणती आवृत्ती शिफारशीची आणि कोणत्या आवृत्तीला सर्व्हरची साथ आहे.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या शिक्षकांना विनंती: पहिल्या तासाला फळ्यावर कंपायलर, कबाल (प्रकल्प बांधण्याचं साधन) आणि सर्व्हर यांच्या जुळणाऱ्या आवृत्त्या लिहा. उतरवलेल्या फाइली पेन ड्राइव्हवर द्या. नवीनतम नको, शिफारशीची आवृत्ती घ्या, असं बजावून सांगा. आणि एखादी मुलगी ‘मला जमत नाही’ म्हणाली, तर आधी आवृत्ती तपासा, मग तिची समज.

कळावे. लोभ नसावा.

भंडारा जिल्ह्यातला एक प्रोग्रामिंग शिक्षक