कवीचं नाव कुणी कापलं?

परीक्षा जवळ आली की मोबाइलवर ‘नोट्स’च्या पीडीएफ धडाधड येऊन पडतात. परवाची एक नीट उघडून पाहिली. पुस्तकातलं पान तिरकं स्कॅन केलेलं, कविता अख्खी, खाली पाच प्रश्न, पानभर आडवा क्लासचा लोगो आणि फोन नंबर. कवीचं नाव तेवढं कापलेलं.

याला कायद्याची जाचकता कारण नाही. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा शिक्षकाशी चांगलाच उदार आहे. शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. प्रश्नपत्रिकेतला उताराही चालतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर बड्या प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालय विद्यार्थ्यांच्या बाजूने उभं राहिलं. अभ्यासाला आवश्यक तेवढी पानं एकत्र करून देण्यात त्याला गैर दिसलं नाही. पुढच्या वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या प्रकाशकांनी माघार घेतली.

ही सवलत शिकवण्यासाठी आहे, दुकान थाटण्यासाठी नाही. तीच कविता विकाऊ व्यवसायमालेत किंवा पैसे घेणाऱ्या अ‍ॅपवर गेली की हिशेब बदलतो. शैक्षणिक संकलनात दुसऱ्याचे छोटे उतारे घेता येतात. पण संकलनातला बराचसा मजकूर हक्कमुक्त हवा आणि एका लेखकाचे दोनाहून जास्त उतारे त्याच प्रकाशकाने पाच वर्षांत छापायचे नाहीत. किती क्लासचालकांनी हे कलम वाचलं असेल?

नाशिककरांना तर हा फरक घरचीच उदाहरणं घेऊन शिकवता येईल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये इथल्या तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५० मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं २०१० अखेर संपली आणि पुस्तक सर्वांचं झालं. खुशाल छापा, नाटुकलं बसवा, वाचून रेकॉर्ड करा. (नव्या आवृत्तीतली चित्रं आणि टिपा मात्र ज्याच्या त्याच्या.) कुसुमाग्रज १० मार्च १९९९ ला गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. त्यांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन म्हणून तसबिरीला हार घालायचा आणि त्याच दिवशी अख्खा संग्रह पीडीएफ करून ग्रुपवर टाकायचा, ही मराठीची सेवा नव्हे. पुस्तक विकत घ्या, मुलांच्या हातात द्या.

आणि परवानगीचं एक वेळ बाजूला ठेवू. नाव छापायला काय खर्च येतो? लेखकाने हक्क विकून टाकला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, असं कलम ५७ सांगतं. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांत लेखक-संपादकांची नावं सुरुवातीलाच छापलेली असतात. घरी बसून शिकणाऱ्याला समजतं, आपण कुणाकडून शिकतोय. पाचवीतल्या मुलीलाही ते समजलं पाहिजे. निनावी कविता वाचून तिने त्या कवीचं दुसरं पुस्तक शोधायचं कसं?

पाठ टाचणात शैक्षणिक साधनांचा रकाना असतो. तक्ता, चित्र, व्हिडिओ असं आपण तिथे लिहितो. त्याच्याखाली एक ओळ वाढवा: कुणाचं, कुठून घेतलं, परवानगी लागते का. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या (डाएट) प्रशिक्षणात ही ओळ भरायला शिकवा आणि पाठ तपासताना ती कोरी दिसली तर टाचण परत करा.