गोळी सुरू करून मोकळे होणाऱ्या डॉक्टरांस खुले पत्र

मु. पो. डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलडाणा

डॉक्टरसाहेब,

तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्यासारखे बरेच आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांनाच आहे.

पावसाळ्यात चौथीतला एक मुलगा आईबरोबर माझ्या दवाखान्यात आला. खोकला आणि थोडी धाप. सिरप लिहिण्याआधी मी नेहमीप्रमाणे विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? आईने पिशवीतून स्ट्रिप काढली. "बुद्धीची गोळी हाय म्हने सायेब. शयरातल्या डाक्टरनं देल्ली." ॲटोमोक्सेटीन होतं ते, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं औषध. सोबत तुमची चिठ्ठी. तिच्यावर मुलाचं नाव, डोस आणि 'तीन महिन्यांनी दाखवा' एवढंच. एडीएचडी हा शब्द नाही. वजन, नाडी, बीपी, काहीच नाही. अर्धा कागद तुमच्या पदव्यांनी भरला आहे. माझ्यासाठी चार ओळी लिहायला तिथे जागा उरली नाही, आणि ती असावी असं तुम्हाला वाटलंही नाही.

धाप लागलेल्या पोराला खेड्यात काय दिलं जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. साल्ब्युटामॉलचं सिरप. ॲटोमोक्सेटीनबरोबर ते पोटात गेलं तर नाडी आणि बीपी दोन्ही वाढू शकतात. आईने स्ट्रिप घरी ठेवली असती तर मला कळलं कसं असतं? शाळेच्या तपासणीचं कार्ड तिच्याकडे होतं. ते बघून वजन केलं, तर दीड किलोने कमी भरलं. पोरगा जेवत नाही म्हणून ती त्याला ओरडत होती. औषधाने भूक मरते हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या केबिनमधून दिसणार नाही. हे औषध क्वचित यकृताला इजा करतं. आमच्याकडे पावसाळ्यात डोळे पिवळे झाले की लोक म्हणतात, पाण्याची कावीळ. मग झाडपाला, मंत्र, पथ्य. तोवर गोळी चालूच राहील, कारण ती बुद्धीची आहे, काविळीशी तिचा काय संबंध? शिवाय मुलांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात, म्हणून 2005 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना पोरावर लक्ष ठेवायचं असतं. ते ठेवायचं कोणी? तुम्ही तर तीन महिन्यांनी भेटणार.

याच विकारावरच्या मेथिलफेनिडेटची गोष्ट वेगळी आहे. ते शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची आणि माल कुलपात ठेवायचा. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे ते फोनवरून लिहिताच येत नाही. तरी तुमच्यापैकी काही जण व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो धाडतात आणि मायबापांना मेडिकल पालथी घालायला लावतात. मेडिकलवाला नाही म्हणतो तेव्हा तो नियमाने वागत असतो. चूक तुमची असते. शिव्या मात्र तो खातो.

एडीएचडीवर औषधच नको, असं मी म्हणत नाही. नेमक्या मुलाला ते नीट दिलं की वर्गात बसणं जमू लागतं, मार कमी होतो, घरातली भांडणं निवतात. म्हणूनच ते निष्काळजीपणे दिलेलं मला सहन होत नाही. उद्या काही बिघडलं तर सारं गाव म्हणेल, डोक्याच्या गोळ्यांनी पोर गेलं. मग पुढच्या दहा मुलांचे मायबाप उपचाराला तयार होणार नाहीत.

ब्रिटनमध्ये तज्ज्ञ निदान करतो, डोस बसवतो आणि मग लेखी करार करून गावच्या डॉक्टरकडे सोपवतो. कोणी काय तपासायचं आणि कधी परत पाठवायचं, हे कागदावर ठरलेलं असतं. तिथल्या नाइस या संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची, नाडी आणि बीपी दर सहा महिन्यांनी बघायला सांगितलं आहे. डोस बदलला की नाडी आणि बीपी पुन्हा. यातलं काय डोणगावात होत नाही? वजनकाटा आहे, लहान मुलांचा बीपीचा पट्टाही आहे. सोयाबीनची मजुरी बुडवून, पहाटेची एसटी धरून त्या बाईने नुसतं वजन करायला तुमच्या दारात का यावं?

मला तुमच्याकडून एवढंच लिहून हवं आहे: निदान काय, औषध आणि डोस काय, घरात कोणाचा हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला आहे का हे विचारलंत का, कोणती औषधं टाळू, आणि काय दिसलं तर गोळी थांबवून तुम्हाला फोन करू. फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबरही लिहा.

मायलेक पुढच्या तारखेला तुमच्याकडे येतील. मुलाचं वजन, उंची, नाडी आणि बीपी लिहिलेला माझा कागद त्यांच्या हाती असेल. उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहा.

आपला,
डोणगावचा एक डॉक्टर