कच्चं की पक्कं?

लकडगंजाच्या लाकूडबाजारात नीतिशास्त्राचा पेपर एकाच प्रश्नाचा असतो आणि तो दुकानदार विचारतो: "बिल कच्चं की पक्कं, भाऊ?" पक्क्यावर 18 टक्के जीएसटी. उत्तराला तीन तास मिळत नाहीत. मागे आरा मशीन किंचाळत असते, हमालाने चौकटी गाडीत चढवलेल्याही असतात. दारांसाठी सागवान घ्यायला आलेला गृहस्थ बँकेत असो की मॅनेजमेंट कॉलेजात, 'पक्कं' म्हणायच्या आधी एकदा बायकोकडे बघतोच.

आता इथल्या सेठांची पोरं एमबीए होऊन गल्ल्यावर बसतात. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारं पोरगं इंटरमीजिएटला 'ऑडिटिंग अँड एथिक्स' नावाचा अख्खा पेपर देऊन आलेलं असतं. ऑडिटरच्या निष्पक्षपणाला असलेले पाच धोके त्याला झोपेतून उठवून विचारा: स्वतःचा फायदा, स्वतःच्याच कामाची तपासणी, अशिलाची वकिली, जास्तीची सलगी, दबाव. धडाधड सांगेल. मग टॅक्स ऑडिटच्या 30 सप्टेंबरच्या मुदतीच्या आदल्या रात्री सेठजी चहा मागवतात आणि म्हणतात, "सर, क्लोजिंग स्टॉक जरा अडजस्ट करून टाका न. तुम्ही तं घरचेच." त्या दोन वाक्यांत निदान तीन धोके बसलेत, चौथा फीच्या चेकमध्ये. पोरगं मान डोलावतं. पुस्तकातल्या केसवर 'केस' असं छापलेलं असतं. इथे नुसता चहा येतो.

नीतिशास्त्राचा कोर्स केल्यावर वर्गातल्या पेचांना मुलं थोडी बरी उत्तरं देतात, हे मान्य. पण 1973 साली प्रसिद्ध झालेला प्रिन्स्टनचा एक प्रयोग आहे. धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या विद्यार्थ्यांना व्याख्यानासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत एक कण्हणारा माणूस ठेवला. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्क्यांनी त्याला मदत केली. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी. निम्म्यांच्या व्याख्यानाचा विषय कोणता? वाटेत पडलेल्याला मदत करणारा बायबलातला भला माणूस. आपल्याकडे तर सप्टेंबरात अख्खा व्यवसायच पळत असतो.

मोठ्यांचं काय सांगावं! दाभोळला वीज विकायला आलेल्या एन्रॉनकडे 64 पानांची नीतिसंहिता होती. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सत्यम या संगणक कंपनीला सप्टेंबर 2008 मध्ये उत्तम कारभारासाठी 'सोनेरी मोर' पुरस्कार मिळाला. जानेवारी 2009 मध्ये तिचे अध्यक्ष राजू यांनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं. संचालक मंडळावर काही काळ हार्वर्डचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या नामांकित बिझनेस स्कूलचे डीनही होते. शिकवण्याची तिथे काही कमतरता नव्हती.

उलट वर्गातल्या हुशार पोराला लकडगंजात आणून ओंडका मोजताना उभं करा. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. गणित पक्कं असेल तर तो ओरडेल: हे साडेएकवीस टक्के कमी भरतंय, ही तर लबाडी! लबाडी कसली? देणारा-घेणारा दोघंही ते जाणून भाव ठरवतात. चिरताना साल, कडा आणि भुसा जाणार, त्याची ही सूट. ही रीत इंग्रजांच्या काळापासूनची, आणि ती कोणी वर्गात शिकत नाही. फीत धरणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी उभं राहून शिकतो. म्हाताऱ्याने फीत ढिली धरली तर पोरगंही ढिली धरायला शिकतं, हाही भाग आलाच. म्हणून मला अभ्यासक्रमात काय आहे यापेक्षा पहिल्या नोकरीत शेजारी कोण बसलंय, आणि 'नाही' म्हटल्यावर पगार चालू राहतो का, हे विचारावंसं वाटतं.

शिक्षणाचा उपयोगच नाही असं मात्र कोणी म्हणू नये. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ओरिजिनल सीपी आहे न?" सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं, बल्लारशा-आलापल्लीकडचं सागवान. समोरचा माल आफ्रिकेतून बोटीने आलेला. बाप पूर्वी "शंभर टक्के!" म्हणायचा आणि बिलावरही 'सीपी' लिहून द्यायचा. पोरगाही "शंभर टक्के!" म्हणतो. बिलावर मात्र नुसतं 'सागवान' लिहितो.